अण्णा पळाले नव्हते

जळगाव
मंगळवार, दुपार

प्रिय बंडू,

सात महिने झाले, तुझ्या पत्राला उत्तर नाही. फोन होतो म्हणून तू चालवून घेतोस. पण फोनवर आपण बोलतो काय, तर गुडघा, पाऊस आणि कोण गेलं. आज जे सांगायचंय ते फोनवर जमणार नाही. आई शेजारच्या खोलीत असते, आणि जे तिला ऐकू जाऊ नये तेवढंच तिला नेमकं ऐकू जातं.

तब्येत बरी. साखर आहे, गोळी आहे. आईचं शहाऐंशीव्या वर्षी असायचं तसं.

बंडू, चौऱ्याहत्तरच्या रेल्वे संपात अण्णा पळाले नव्हते.

हे आधी लिहून टाकलं. आता सावकाश सांगतो.

शाळेची नोकरी संपल्यापासून माझे दिवस कसे जातात ते तुला माहीत आहे, त्यावरून तर तू मला तलाठी म्हणतोस. पाचला उठायचं, आईला कोमट पाणी, तिची थायरॉईडची गोळी, मग अर्धा तास थांबून चहा. तो अर्धा तास ती घड्याळावरची नजर काढत नाही. मेहरूण तलावापर्यंत चालून आलो की तिची आंघोळ, मग दुधात कुस्करलेली भाकरी. अकरा ते दोन शेजारच्या ताई तिच्यापाशी बसतात. ते तीन तास माझे. मंगळवारी आणि शुक्रवारी तालुक्याच्या अभिलेख कक्षात, एरवी घरीच टेबलावर. लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढून बसतो. आईच्या ट्रंकेत १९५८ पासूनच्या पत्रिका आहेत. पत्रिकेइतकी कामाची वस्तू नाही बघ. निमंत्रकांच्या यादीत कोण वर, कोण खाली, आणि कोणत्या साली कोणाचं नाव गळलं, एवढ्यावरून बांधाची भांडणंसुद्धा कळतात. तुझ्या ताईच्या पत्रिकेत तुझ्या मोठ्या काकांचं नाव नाही. ते का, हे तू मला अजून सांगितलेलं नाहीस. ते सोड.

१९३२ च्या कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या वहीत, आजोबा सापडले, तो दिवस तुला आठवत असेल. मी फोन केला तेव्हा तू जेवत होतास आणि ‘बरं’ म्हणालास. मयताचं नाव, जात, वय २६, रोग पटकी, म्हणजे कॉलरा. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिला अक्षरं टांगत जायची. शब्द तुटत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. ‘पटकी’ वाचायला मला पाऊण तास लागला. खाली त्याच पानावर आणखी चार जण पटकीचेच.

आजी मात्र सापडेना. अण्णा जन्मभर सांगत आले की मी तीन वर्षांचा असताना आई वारली. म्हणून ३२ ते ३६ पानन्‌पान बघितलं, मग ४० पर्यंत बघितलं. नाही म्हणजे नाही. एखाद्याला वाटेल, कोतवाल विसरला असेल. पण त्या बुकात दोन दिवसांच्या मुली आहेत रे. नाव ठेवायच्या आत गेलेल्या, नुसतं ‘मुलगी’ एवढंच लिहून. जो कोतवाल त्यांना विसरला नाही, तो आमच्या घरची सून विसरेल? माझ्या वंशावळीच्या तक्त्यात आजीच्या नावापुढे दोन वर्षं प्रश्नचिन्ह होतं आणि ते मला रोज दिसायचं.

माघात भाचीच्या लग्नाला नाशिकला गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहज रामकुंडावर गेलो. अण्णांच्या अस्थी आपण चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमात सोडल्या, तू होतासच. त्यामुळे नाशिकच्या वहीत आमचं कोणी असलंच तर पणजोबांच्या काळचं, असं मी धरून चाललो होतो. कोणत्या गावाचं काम कोणत्या तीर्थोपाध्यायांकडे हे तिथे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. दोन घरं फिरून तिसऱ्या घरी पोचलो. गाव, तालुका, आडनाव सांगितलं. गुरुजींनी लाल फडक्यात बांधलेली लांबुडकी वही काढली आणि दहा मिनिटांत आमचं गाव निघालं. आधी मोडीतल्या ओळी, पणजोबा, त्यांचे भाऊ. मी डोळे ताणून वाचत होतो. तेवढ्यात गुरुजींनी पान उलटलं आणि म्हणाले, “हे बाळबोधीत आहे, हे वाचा.”

निळी शाई. शके १८९६, वैशाख वद्य. खाली इंग्रजी तारीख, १४ मे १९७४.

अक्षर वाचायच्या आधी ओळखलं. अण्णांचे काने तुला माहीत आहेत. खिळा ठोकल्यासारखे, कागदाच्या पाठीमागून हाताला लागायचे. रेल्वेच्या शेडमधल्या माणसाचा हात तो, पेनसुद्धा पान्यासारखं धरायचे. मी पान उलटून मागून बोट फिरवलं. लागले, बंडू. पन्नास वर्षांनी लागले.

लिहिलंय असं: ‘माझी आई, हिच्या अस्थी घेऊन आलो. सोबत कोणी नाही.’ आईचं नाव आहे, आणि यावल तालुक्यातल्या एका गावाचं. मग ‘ह. मु. भुसावळ, रेल्वे क्वार्टर.’ मग बायकोचं नाव, माझं नाव, आणि शेवटी ‘मुलगी एक महिन्याची, नाव ठेवणे आहे.’ छकुलीचं बारसं संप मिटल्यावर करू म्हणून राहिलं होतं ना, म्हणून. त्याखाली सही, दस्तुरखुद्द.

आजीचं नाव मी इथे लिहीत नाही, रागावू नकोस. ते घरात पहिल्यांदा आईच्या कानावर पडायला हवं.

आता तू आठव. ८ मेला संप सुरू झाला. ९ च्या रात्री पोलीस आपल्या क्वार्टरांच्या लायनीत आले आणि सात जणांना उचललं, त्यात तुझे बाबा. अण्णा त्याच संध्याकाळी घरातून गेलेले, कुठे ते सांगितलेलं नाही. घरात दूध नाही, छकुली रडतेय, आणि दारावर काठी. आईनं दार उघडलं तेव्हा मी तिच्या मागे उभा होतो. त्यानंतर आठ दिवस पत्ता नाही. गाड्या बंद, कोण कुठून शोधणार? १८ तारखेला पोखरणची बातमी आली आणि सगळी लाइन आमच्या ओट्यावर रेडिओला चिकटली होती, त्या संध्याकाळी ते समोरून आले. डोकं तुळतुळीत, मिशी साफ. आपण पोरं हसलो. मी हसलो, ते मला चांगलं आठवतं. अण्णा म्हणाले, उन्हानं डोक्यात पुळ्या आल्या. आणि लाइन काय म्हणाली? पोलिसांनी ओळखू नये म्हणून मिशी काढली.

आई गेलेला मुलगा होता तो. क्षौर करून आला होता. एवढ्या बायाबापड्या ओट्यावर, प्रत्येकीनं घरात मर्तिकं बघितलेली, आणि एकीच्याही मनात आलं नाही. येणार कसं? त्यांची आई तर चाळीस वर्षांपूर्वीच मेलेली होती ना सगळ्यांच्या लेखी.

२७ ला संप मागे घेतला. तुझे बाबा बडतर्फ झाले. १९७७ ला सरकार बदललं तेव्हा परत कामावर घेतलं, तोवर काकूंनी पापड लाटले. अण्णांची नोकरी राहिली. मग कुजबुज सुरू झाली की नुसता पळाला नाही, नावंसुद्धा त्यानंच दिली. काकूंनी आमच्याकडचं भरताचं ताट झाकल्या फडक्यासकट परत पाठवलं. आणि तू पाण्याच्या टाकीखाली मला काय म्हणालास ते मी लिहीत नाही, तुला पाठ आहे. मी दगड मारला. तुझ्या भुवईवरची रेघ ती. पुढे आपली दिलजमाई झाली ती गणिताच्या मास्तरांच्या कृपेनं, दोघांना एकाच बाकावर उभं केलं आणि तुझी चड्डी बाकाच्या खिळ्याला अडकून फाटली, म्हणून. पण त्या दगडाबद्दल आपण कधी बोललो नाही. आज सांगतो, तू जे बोललास ते मलाही खरंच वाटत होतं. पन्नास वर्षं वाटत होतं. अण्णांना अग्नी देतानाही वाटत होतं. हे मी दुसऱ्या कोणाला सांगू शकत नाही, माझ्या मुलालाही नाही.

आणि तुझे बाबा तेव्हा नाशिकरोडला तुरुंगात. रामकुंडापासून ते अंतर फार तर दहा किलोमीटर. दोघं शेडमध्ये एका डब्यात जेवणारे.

गेल्या शुक्रवारी कचेरीत न जाता यावलकडच्या त्या गावी जाऊन आलो. केळीच्या बागांतून जावं लागतं. एका घरासमोर म्हातारी बसलेली, आजीच्या दुसऱ्या घरची सून. मी कोण ते सांगितलं, तर तिनं माझा हात धरला आणि सोडेचना. आजोबा गेल्यावर दीड वर्षानं आजीचा पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, लावून दिला होता. पाट काही जगावेगळा नव्हता आपल्याकडे. पण पाटाच्या बाईला सवाष्ण म्हणून ओटी भरायला कोणी पुढे बोलवत नसे, आणि पहिल्या घरचं लेकरू पहिल्याच घरी राहायचं. चुलत्यांनी अण्णांना वाढवलं आणि आई मेली म्हणून सांगितलं. पुढे लग्न जमवताना आमच्या आजोळीही तेच सांगितलं. अण्णांना खरं कधी कळलं कोण जाणे, पण ती म्हातारी म्हणाली, “भुसावळवाला दर पाडव्याला यायचा. ओट्यावरच बसायचा. सासू त्याला ओवाळायची नाही, नुसती बघत बसायची.”

दर पाडव्याला, बंडू. पाडव्याला अण्णांची ड्यूटी असायची ते आठवतं तुला? आई निरांजन लावून बसायची आणि ते रात्री उशिरा यायचे. ७४ नंतर पाडव्याची ड्यूटी कधी लागली नाही.

माझा घोर आता इथे आहे. मी इतके दिवस समजत होतो की आईला सांगायचं ते इतकंच, की तुझा नवरा भित्रा नव्हता. ते सांगायला काय लागतं, पेढे वाटून सांगावं. पण तिच्या हिशेबात ते आठ दिवस आणि नंतरचे पाडवे एकमेकांना बांधलेले आहेत. तिनं मला कितीदा सांगितलंय, तेव्हा पळाले आणि मनातून खजील झाले, म्हणून पुढे एक पाडवा चुकवला नाही. तो तिचा मोठा विजय आहे. मालेसारखे सांगते ते पाडवे, कोणत्या साली कोणतं लुगडं. आता मी जाऊन सांगू, की ते पाडवे तुला मिळाले कारण ज्या ओट्यावर ते जायचे तिथे बघणारं कोणी उरलं नव्हतं?

आणि दुसरं. सोळा वर्षं संसार झाल्यावर आई मेली, तर तिचा नवरा तिला सांगू शकला नाही. पन्नास वर्षं ती त्याला टोचून बोलली आणि तो ऐकून घेत गेला. तो का बोलला नाही, असं ती मला विचारेल. मी काय सांगू? चुलत्यांनी गळ्याची शपथ घातली असेल म्हणू? तो शब्दाला जागला म्हणू? मला स्वतःलाच राग येतो रे. एक वाक्य बोलले असते तर काकूंचं ताट परत आलं नसतं.

छकुली म्हणते सांगू नकोस, शांतपणे जाऊ दे तिला. चिरंजीव पुण्याहून म्हणतात, बाबा, वहीचा फोटो पाठवा, मी ॲपमध्ये टाकतो. ॲपमध्ये आजीला दोन नवऱ्यांच्या चौकटी जोडता येतात, हे त्यानं मला करून दाखवलं. चांगलंच आहे. पण आई जिवंत आहे तोवर तिला वगळून मी तक्ता पुरा करणार नाही. मला वाटतं सांगावं. आपल्या सासूचं नाव न कळता तिनं जाऊ नये. सासूच्या नावानं ती दर पितृपक्षात पान वाढत आली आहे. जी जिवंत होती तिच्यासाठी सोळा वर्षं वाढलं, आणि जे नाव घेऊन वाढलं ते तिचं नव्हतंच, लग्नाच्या वेळी कोणी तरी भलतंच सांगितलेलं.

तुझ्याबद्दल काही विचारलंच नाही. मोतीबिंदू दुसऱ्या डोळ्याचा कधी? सूनबाईंची बदली झाली का? बडोद्याला उन्हाळा लागला असेल, घराबाहेर पडू नकोस. वहिनींना नमस्कार, आणि शेव पोचली, फार तिखट होती, आईनं सगळी खाल्ली.

एक काम कर. तुझ्या बाबांच्या तुरुंगातल्या चिठ्ठ्या काकूंनी गोधडीच्या पेटीत ठेवल्या होत्या, त्या तुझ्याकडे आल्या असतील. त्यात १४ मेच्या आगेमागे अण्णांचं नाव येतं का बघ. अण्णा नाशिकला होते आणि दहा किलोमीटर पुढे गेले नाहीत, हे माझ्या मनाला पटत नाही.

आणि चैत्र लागायच्या आत इकडे ये. आईला तू आलास की बरं वाटतं, माझ्यापेक्षा तुझं जास्त ऐकते. तिला सांगताना तू शेजारी असावास असं वाटतं. वहीच्या पानाचा फोटो सोबत घातला आहे. वाचून झाला की परत पाठव, एकच प्रत आहे.

ताई निघाल्या, आई हाक मारतेय. थांबतो.

तुझाच,
तलाठी