साउंडवाल्या दादांना, मनापासून

दादा, सप्रेम नमस्कार.

यंदाच्या गणेशोत्सवात आमच्या ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमांत मी गिटार पहिल्यांदाच वायरलेसवर, म्हणजे वायरीऐवजी रेडिओ लहरींवर, वाजवली. ते तुमच्यामुळे जमलं, आणि हे चारचौघांत सांगावं म्हणून हे उघड पत्र.

मांडवातलं स्टेज तुम्हाला ठाऊकच आहे. भिजलेल्या फळ्या, जनरेटरची वीज, अर्थिंगचा भरवसा नाही. तारांवर हात ठेवून कोरसला पुढे झालो की माइकची जाळी ओठाला झटका द्यायची. लीड, म्हणजे गिटारपासून ॲम्पला जाणारी वायर, गेली; गिटार आणि ॲम्पमधला धातूचा दुवा तुटला आणि झटके थांबले. माझ्यापुरता प्रश्न सुटला होता, पण कीबोर्डवाला आणि गायक होतेच. मंडळाच्या वायरमनने अर्थिंग नीट केल्याशिवाय मिक्सर चालू करणार नाही, असं तुम्ही ठणकावून सांगितलंत. यासाठी तुमचे आभार सगळ्यांत आधी.

आवाज उशिरा येईल ही माझी मोठी धास्ती होती. तुम्ही वाद घातला नाहीत. डोळे मिटून वाजवायला लावलंत, कधी लीड जोडलीत, कधी वायरलेस. उशीर मला एकदाही पकडता आला नाही. मग हिशेब सांगितलात: चांगल्या डिजिटल सिस्टिमला लागतात जेमतेम 2 ते 5 मिलिसेकंद, आणि हवेतून 1 मीटर यायला आवाजालाच सुमारे 3 लागतात. म्हणजे ॲम्पपासून एखाद-दुसरं पाऊल मागे सरकल्यासारखंच! टोन मात्र वेगळा लागला, जास्त लख्ख. लांब लीडमध्ये पॅसिव्ह पिकअपचा (तारांचं कंपन टिपणारा, बॅटरीशिवायचा भाग) ट्रेबल, म्हणजे आवाजातली वरची धार, मरतो, इथे तो पुरता येतो. ॲम्पचा ट्रेबल तुम्ही किंचित उतरवलात आणि माझा नेहमीचा आवाज परत आला.

दुपारी रिकाम्या मैदानात सगळं छान वाजलं, तरी तुम्ही निर्धास्त झाला नाहीत. ही सिस्टिम 2.4 गिगाहर्ट्झवर चालते. वायफाय, ब्लूटूथही तिथेच. संध्याकाळी गर्दी मोबाइल घेऊन येणार, हे धरूनच तुम्ही तयारी केलीत. स्पीकरमागे ठेवलेला, लहरी पकडणारा रिसीव्हर काढून माझ्या समोर, उंचावर ठेवलात. मंडळाचा राउटर त्याच्यापासून लांब नेलात. पट्ट्याला पाठीमागे अडकवलेला, लहरी सोडणारा ट्रान्समीटर कुशीवर सरकवलात, कारण या लहरी माणसाच्या अंगातल्या पाण्यात शोषल्या जातात. रात्री मैदान खच्चून भरलं आणि एकही सूर तुटला नाही. मधल्या सोलोला मी ढोलकीवाल्याच्या शेजारी जाऊन वाजवलं. इतक्या वर्षांत त्याची थाप इतक्या जवळून कधी ऐकलीच नव्हती.

दुकानात पैसे मोजले की डबा मिळतो, एवढी काळजी मिळत नाही. यातलं काहीच तुमच्या भाड्यात धरलेलं नव्हतं, हे मला माहीत आहे.

आता आमचा बेसवालाही वायरलेस घ्यायचं म्हणतोय. दोघांचे चॅनल एकमेकांत कसे मिसळू द्यायचे नाहीत, ते त्याला तुमच्याकडूनच शिकायचंय. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमाआधी त्याला घेऊन गोडाउनवर येतो.

तुमचा,
ऑर्केस्ट्राचा गिटारवाला