तिन्ही विजय आणि त्यांचे बाप

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. सलीम-जावेद या पटकथालेखक जोडीने एकच गोष्ट तीनदा विकली, असं तू लिहितोस. तीनदा विकली हे कबूल, पण ती एकच होती हे मला पटत नाही.

'दीवार' (१९७५), 'त्रिशूल' (१९७८) आणि 'शक्ती' (१९८२) लागोपाठ बघ. तिन्हींत अमिताभ, तिन्हींत नाव विजय. आता भांडण कुणाशी आहे ते पाहा. 'दीवार' वरवर चोर भाऊ आणि पोलीस भाऊ यांचा. पण विजयच्या हातावर गोंदलंय ते बापाबद्दल. कामगारांचा हा पुढारी बायकापोरांच्या जिवासाठी मालकापुढे झुकतो, लोकांच्या शिव्या खातो आणि परागंदा होतो. जाब विचारायला तो समोरच नाही. मग विजय भिडतो भावाला. रवी बिचारा वर्दी घालून दुसऱ्याच कुणाच्या तरी जागी उभा आहे, असं मला नेहमी वाटतं.

'त्रिशूल'मध्ये आईला सोडून गेलेला बाप सापडतो, पण हा आपला मुलगा हे त्याला ठाऊक नसतं. दोघे दिल्लीतले बिल्डर, त्यामुळे वैर धंद्यातलं. बापाच्या मुलीचं प्रेमप्रकरणही (तिचा प्रियकर म्हणजे आपला सचिन!) विजय हत्यारासारखं वापरतो. तिघांत मला हाच उथळ वाटतो. सूड फार सोयीने पुढे सरकतो.

'शक्ती'त मात्र पोलीस अधिकारी असलेला बाप (दिलीपकुमार) घरातच आहे. गुंडांनी पळवलेल्या लहान विजयच्या कानावर फोनवरून बापाचा नकार पडतो: पोरासाठी कर्तव्य सोडणार नाही. पुढचा अख्खा सिनेमा त्या एका फोनवर उभा आहे. त्याला निसटू देतो तो नारंग, म्हणजे त्या टोळीतलाच एक. पोराच्या हिशेबात गुंड आपला ठरतो आणि बाप परका. टाळ्या घेणारी वाक्यं लिहिण्यात हातखंडा असलेल्या या जोडीने इथे विजयला बराच वेळ गप्प ठेवलंय, आणि तिथेच ते मला सगळ्यात मोठे लेखक वाटतात. बाप जितका जवळ, तितकं बोलणं कमी.

(राखी 'त्रिशूल'मध्ये विजयची प्रेयसी, 'शक्ती'त आई. मधे चार वर्षं! यावर तू काय बोलशील ते मला माहीत आहे.)

आता 'गंगा जमुना' (१९६१) आठव. त्यात दिलीपकुमार दरोडेखोर गंगा, आणि त्याला गोळी घालणारा पोलीस भाऊ नासिर खान, खऱ्या आयुष्यातही त्याचा भाऊच. 'दीवार'ची मुळं तिथे आहेत, तुझा आरोप इथपर्यंत मान्य. पण 'शक्ती'च्या शेवटी तोच दिलीपकुमार वर्दीत उभा राहून पोटच्या पोरावर गोळी झाडतो. ही उलटापालट निव्वळ नक्कल करणाऱ्याला सुचेल का?

पुढे जोडी फुटली, तेव्हा वाटणीही अशी झाली बघ: सलीम खान यांनी 'नाम'मध्ये (१९८६) दोन भाऊ घेतले, पण त्यांच्यात वैर ठेवलं नाही. जावेद अख्तर यांच्याकडे बाप आला. 'मशाल'मध्ये (१९८४) पुन्हा दिलीपकुमार. यावेळी रक्ताचा नव्हे, मानलेला बाप. तो सिनेमा वसंत कानेटकरांच्या 'अश्रूंची झाली फुले'वरून घेतलेला. नाटकांतलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तेव्हा कानेटकरांच्या नाटकातला लाल्या आणि त्यावरून जावेदनी सिनेमात घडवलेला राजा यांत उजवा कोण, ते सविस्तर लिही. आणि 'त्रिशूल'ची बाजू घेणार असशील तर जरा जपून.

तुझा,
दोस्त