चिमणीचा पाइप शाफ्टऐवजी बाहेरच्या भिंतीतून काढण्याची परवानगी मिळावी

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती

महोदय,

आम्ही पुढच्या महिन्यात ५०४ मध्ये राहायला येत आहोत. सुताराचं काम सुरू होण्याआधी स्वयंपाकघरातल्या चिमणीचं ठरायला हवं, म्हणून हे पत्र.

सेक्रेटरींनी दोन पर्याय सांगितले होते: पाइप शाफ्टमध्ये, म्हणजे सांडपाण्याचे पाइप जातात त्या उभ्या पोकळीत सोडा, नाहीतर बिनपाइपाची, कार्बन फिल्टरची चिमणी लावा. गेल्या आठवड्यात नळाच्या कामासाठी शाफ्टचं झाकण उघडलं होतं, तेव्हा मी आत टॉर्च मारून पाहिलं. सांडपाण्याच्या पाइपांवर पिवळट थर बसलाय. बोट लावलं तर तेलात मळलेली धूळ निघाली. वरच्या-खालच्या बाथरूमच्या खिडक्या तिथेच उघडतात. आमचा धूर शेजाऱ्यांच्या घरात जावा हे मला पटत नाही, आणि असं तेल साचत गेलं की आगीची भीती आहेच.

बिनपाइपाची चिमणी तेल अडवते, वासही कमी करते. पण वाफ आणि उष्णता घरातच राहते, गॅस जळताना होणारा नायट्रोजन डायऑक्साइडही बराचसा घरातच फिरतो. माझ्या सासूबाईंना दमा आहे, त्यामुळे हा पर्याय आम्ही सोडला.

शेगडीमागची भिंत बाहेरचीच, इमारतीच्या मागच्या अंगाची आहे. तिथून ६ इंची पाइप काढला तर लांबी जेमतेम ४ फूट आणि वळण एकच. शाफ्टपर्यंत ११ फूट आणि ३ वळणं होतात. प्रत्येक वळणाला ओढ कमी होते, मग मोटार मोठी घ्यावी लागते आणि आवाजही वाढतो. आमचं स्वयंपाकघर साधारण २१ घनमीटरचं. तासाला १५ वेळा हवा बदलायची म्हटली तरी ३१५ घनमीटर पुरतात. पाइपातली घट धरूनही दुकानदार गळ्यात मारतात तसल्या तासाला १२०० घनमीटर हवा ओढणाऱ्या चिमणीची गरज नाही.

भोक फक्त विटांच्या भिंतीत, कोअर कटिंग मशीननेच पाडू. बीम-कॉलमला हात लावणार नाही. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून पाइपाला बाहेरच्या बाजूला उतार देऊ, तोंडाला झडप आणि जाळी बसवू. कडेने गळती झाली तर दुरुस्तीचा खर्च आमचा, हे लिहून द्यायला तयार आहे.

सुतार २० तारखेला येतोय. त्याआधी आपल्या इंजिनिअरांनी एकदा येऊन भोकाची जागा खडूने आखून द्यावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
सदनिकाधारक, ५०४