व्हिकर नसलेल्या काळात आमचे चर्च सांभाळणाऱ्या पाळकसाहेबांस

आदरणीय पाळकसाहेब,

आपणांस आणि पाळकीणबाईंना सादर सलाम.

इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यातल्या आमच्या गावच्या चर्चला नवीन व्हिकर, म्हणजे चर्चच्या नेमलेल्या पाळक, मिळाल्या, त्यांचा पदग्रहणविधी पार पडला आणि त्यानंतरच्या चर्च कौन्सिलच्या पहिल्याच बैठकीत आपले आभार मानण्याचा ठराव एकमताने झाला. तो ठराव इंग्रजीत आणि अवघ्या तीन ओळींचा असून तो आपल्याला टपालाने मिळेलच. निरोपाचा कार्यक्रम करण्याचा आमचा बेत आपण फोनवरच मोडून काढलात, तेव्हा कौन्सिलची चिटणीस या नात्याने, आणि आपल्याच नगरकडची म्हणून, हे पत्र मी मराठीत आणि उघडपणे लिहीत आहे. आपले नाव कुठेही घालायचे नाही ही आपली अट मी पाळली आहे. पत्रच लिहायचे नाही अशी अट मात्र आपण घातली नव्हती.

इथल्या पद्धती आपल्याला ठाऊक आहेत, पण हे पत्र भारतातल्या चर्चच्या मंडळ्याही वाचतील, म्हणून थोडे त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे एका पाळकाची मुदत संपली की डायोसिसकडून, म्हणजे बिशपांच्या धर्मप्रांताकडून, बदलीचा आदेश निघतो, जुने पाळक सामान बांधतात आणि नवे पाळक टेम्पोतून सामान उतरवतात. मधले अंतर फार तर काही आठवड्यांचे असते. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये असे होत नाही. इथे सुमारे १६,००० चर्च आहेत आणि एकट्या नॉरिच डायोसिसमध्ये सहाशेहून अधिक. त्यांतली बहुतेक मध्ययुगीन, गारगोटीच्या दगडांत बांधलेली आणि लहान लहान गावांत विखुरलेली आहेत. एकेका व्हिकरकडे पाच-सहा गावे असणे ही आता नेहमीची गोष्ट आहे; आमच्याकडे ती सहा आहेत. व्हिकर निवृत्त झाले की जागा जाहीर करावी लागते, अर्ज मागवावे लागतात, मुलाखती घ्याव्या लागतात, आणि अर्ज येतीलच याची खात्री कोणी देत नाही. या मधल्या काळात चर्चची जबाबदारी दोन चर्चवॉर्डन (गावकऱ्यांतून निवडलेले कारभारी) आणि रूरल डीन (परिसरातल्या चर्चवर देखरेख करणारे पाळक) यांच्यावर येते. म्हणजे प्रत्यक्षात ती पोटापाण्याचा उद्योग सांभाळून चर्च पाहणाऱ्या दोन गावकऱ्यांवर येते. छतावरचे शिशाचे पत्रे चोरीला गेले तरी तेच, रिकाम्या व्हिकरेजमध्ये, म्हणजे व्हिकरच्या घरात, थंडीने पाण्याची नळी फुटली तरी तेच, आणि रविवारी प्रभूभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) कोण देणार याची चिंताही त्यांनीच करायची.

ही शेवटची चिंता सर्वांत मोठी असते. सकाळची प्रार्थना गावातली माणसे चालवू शकतात, पण प्रभूभोजनाच्या विधीला दीक्षित पाळकच लागतो. आसपासचे निवृत्त पाळक आधीच चार-चार चर्चना शब्द देऊन बसलेले असतात. अशा वेळी रूरल डीननी आपले नाव सुचवले. नॉरिचमध्ये मुलीकडे राहायला आलेले, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे निवृत्त पाळक, एवढीच आम्हाला आपली ओळख होती.

आपल्याला वेदीपाशी उभे राहून उपासना चालवण्याची परवानगी मिळवणे सोपे नव्हते, हे मी कागदपत्रांची देवाणघेवाण करताना पाहिले आहे. १९७० साली नागपुरात स्थापन झालेली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही अँग्लिकन कम्युनियनची, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडशी नाते असलेल्या जगभरच्या चर्चच्या संघाची, सदस्य आहे, तरीही परदेशात दीक्षा झालेल्या पाळकाला इथे १९६७ च्या कायद्यानुसार आर्चबिशपांची परवानगी लागते, आणि त्यानंतर स्थानिक बिशपांची वेगळी. पोलीस पडताळणी झाली, तिकडच्या बिशपांचे पत्र आले, आणि मुले व दुर्बल व्यक्ती यांच्या सुरक्षिततेचे प्रशिक्षणही आपण घेतलेत. आयुष्यभर पाळकपद सांभाळलेला माणूस विशीतल्या स्वयंसेवकांच्या शेजारी बसून प्रश्नपत्रिका सोडवत होता आणि त्याबद्दल त्याने एकदाही नाक मुरडले नाही. उलट, असे प्रशिक्षण आपल्याकडेही सक्तीचे हवे, असे आपण मला म्हणालात, आणि ते मला पटले.

सकाळी आठची उपासना ही आपल्या वाट्याला आलेली पहिली. ती अजूनही १६६२ च्या प्रार्थना-पुस्तकाप्रमाणे होते आणि तिला सात-आठ माणसे येतात, सगळी सत्तरीच्या पुढची. आमच्या चर्चमध्ये आवाज गोल मनोऱ्याकडे ओढला जातो आणि मागच्या बाकांवर बसणाऱ्यांना निम्मे शब्द ऐकू येत नाहीत. पहिल्या रविवारी एका गृहस्थांनी आपले उच्चार कळत नसल्याची तक्रार केली. आपण ती मनाला लावून घेतली नाहीत आणि हसण्यावारीही नेली नाहीत. पुढच्या खेपेला आपण एका शेतकऱ्याच्या विधवेला सर्वांत मागच्या बाकावर बसवलेत आणि शब्द ऐकू आला नाही की हात वर करा, असे सांगितलेत. शुभवर्तमान वाचताना त्यांचा हात तीनदा वर गेला आणि तिन्ही वेळा आपण थांबून ते वाक्य पुन्हा वाचलेत. तक्रार करणाऱ्या गृहस्थांचे समाधान त्यानेही झाले नाही. ते अजून त्यांच्या मतावर ठाम आहेत, आणि तरीही आपण असाल त्या रविवारी ते कधी चुकले नाहीत.

अंत्यविधींबद्दल लिहायलाच हवे. इथे चर्चला येत असो वा नसो, गावातल्या प्रत्येकाला गावच्या चर्चमधून अंत्यविधी मिळण्याचा हक्क आहे, आणि व्हिकर नसले की हा हक्क कोणाच्या तरी सवडीवर लटकतो. ज्या घरात वर्षानुवर्षे कोणी चर्चची पायरी चढले नव्हते, अशा एका घरी आपण विधीच्या आधी दोनदा गेलात. मृत गृहस्थ कसे होते हे मुलांना नीट सांगता येईना, तेव्हा आपण त्यांची ट्रॅक्टरची शेड पाहायला मागितलीत. भिंतीवर पाने आणि पकडी आकारानुसार टांगलेल्या होत्या आणि प्रत्येकीमागे रंगाने तिचा आकार काढलेला होता. उपदेशात आपण फक्त त्या भिंतीविषयी बोललात, आणि सारे गाव त्या माणसाला ओळखत होते हे तेव्हा कळले.

पण कौन्सिलने ठरावात ज्यासाठी आपले विशेष आभार मानले आहेत, ती गोष्ट वेगळी आहे. ठरावातल्या तीन ओळींत ती मावलेली नाही.

१९८६ च्या कायद्यानुसार व्हिकर सुचवण्याचा अधिकार ज्याच्याकडे असतो त्याला पेट्रन म्हणतात. आमच्याकडे तो केंब्रिजच्या एका कॉलेजकडे शतकानुशतके चालत आला आहे. मात्र पेट्रनने सुचवलेले नाव बिशपांना आणि गावांच्या निवडलेल्या प्रतिनिधींना मान्य व्हावे लागते. त्याआधी प्रत्येक चर्च कौन्सिलने आपल्या मंडळीची स्थिती, गरजा आणि परंपरा सांगणारे निवेदन तयार करायचे असते. आमचे पहिले निवेदन मीच टंकलिखित केले होते. त्यात निसर्गरम्य परिसर होता, उत्साही मंडळी होती, समुद्रकिनारा गाडीने अर्ध्या तासावर होता आणि व्हिकरेजला चार शयनगृहे होती. जाहिरात निघाली, मुदत संपली आणि एकही अर्ज आला नाही.

त्या बैठकीत चर्चवॉर्डननी सरळ सुचवले की शोध थोडा लांबवावा आणि आपल्यालाच दर रविवारी येण्याची विनंती करावी. आम्ही सगळेच थकलो होतो, त्यामुळे कोणी विरोध केला नाही. आपले उत्तर दुसऱ्या दिवशी आले: यापुढे मी महिन्यातून दोनच रविवार येईन, बाकीचे आपण चालवावेत. तेव्हा आम्हाला ते फार कठोर वाटले, आणि खरे सांगायचे तर नाताळच्या तोंडावर ते कळवायला नको होते असे माझे अजूनही मत आहे. पण त्यामुळे जे घडले ते मान्य केले पाहिजे. निवृत्त शिक्षिका सकाळची प्रार्थना चालवू लागल्या, डेअरीवाल्या शेतकऱ्याने धडे वाचायला घेतले, सहाही गावांनी कोणत्या रविवारी कुठे उपासना हे बसून ठरवले. २०१९ पासून प्रत्येक चर्चमध्ये दर रविवारी उपासना व्हायलाच हवी असे बंधन राहिलेले नाही, ही गोष्ट आमच्यापैकी बऱ्याच जणांना तेव्हा प्रथम कळली. आपण दर रविवारी येत राहिला असतात तर आमचे भागले असते, आणि भागते आहे म्हणून शोध तसाच रेंगाळत राहिला असता.

त्यानंतर आपण ते निवेदन वाचायला मागितलेत. वाचून झाल्यावर आपण मला मराठीत म्हणालात, ‘‘अहो बाई, हा तर वधूवर सूचक मंडळातला बायोडाटा झाला. मुलगी सुगरण, मनमिळाऊ आणि गृहकृत्यदक्ष!’’ मग आपण प्रश्न विचारायला सुरुवात केलीत, आणि ते आम्हाला आवडणारे नव्हते. गेल्या वर्षी बाप्तिस्मे किती आणि दफनविधी किती? शाळेतली मुले चर्चमध्ये कधी येतात? आजाऱ्यांना भेटायला कोण जाते? सहा गावांपैकी कोणत्या दोन गावांचे एकमेकांशी पटत नाही? डायोसिसला द्यायचा वार्षिक हिस्सा पूर्ण भरला जातो का? यातल्या कोणत्याही प्रश्नाचे उत्तर आपण सुचवले नाहीत, मसुद्यात एक शब्दही आपल्या हाताने घातला नाहीत. आमच्या कौन्सिलने तीन लांबलचक बैठकांत ती उत्तरे काढली, एका बैठकीत आवाजही चढले, आणि नवे निवेदन जुन्याच्या दुप्पट झाले.

त्यात वटवाघळांचाही परिच्छेद आहे. नॉरफोकच्या अनेक चर्चप्रमाणे आमच्याही छतात त्यांची वस्ती आहे, त्यांना कायद्याचे संरक्षण आहे, आणि उन्हाळ्यात शनिवारी संध्याकाळी वेदीवर प्लास्टिक अंथरले नाही तर रविवारी सकाळी वेदीवस्त्र धुवायला काढावे लागते. हे लिहावे की नाही यावर बराच वाद झाला. शेवटी लिहिले. वेदीमागच्या फलकावर आधीच्या व्हिकरांची नावे आहेत, त्यांचाही उल्लेख केला. त्या फलकावर १३४९ पुढे दोन नावे आहेत, कारण त्या वर्षी प्लेगने नॉरिच डायोसिसमधले पाळक इतके मेले की बिशप विल्यम बेटमन यांना शेकडो जागा पुन्हा भराव्या लागल्या. याच बेटमन यांनी पुढच्या वर्षी केंब्रिजमध्ये ट्रिनिटी हॉल हे कॉलेज स्थापन केले. पाळकांची टंचाई आमच्या पिढीने शोधून काढलेली नाही, एवढे त्या फलकाकडे पाहून कळते, आणि ते निवेदनात आल्यावर आमचा रडका सूर आपोआप कमी झाला.

दुसऱ्या जाहिरातीला अर्ज आले. मुलाखतीच्या आदल्या दिवशी उमेदवार गावे पाहायला आले तेव्हा चहाच्या वेळी आपण मुद्दाम अनुपस्थित राहिलात. नंतर आमच्या एका प्रतिनिधीने आपले मत विचारले, तेव्हा आपण हवापाण्याविषयी बोललात. मी स्वतंत्रपणे, मराठीतून, विचारून पाहिले. मलाही हवापाणीच मिळाले. नव्या व्हिकरांनी पुढे आम्हाला सांगितले की त्यांनी अर्ज करायचे ठरवले ते वटवाघळांचा परिच्छेद आणि दोन गावांतल्या बेबनावाचे वाक्य वाचून, कारण एवढे कबूल करणाऱ्या मंडळीबरोबर काम करता येईल असे त्यांना वाटले.

पदग्रहणाच्या संध्याकाळी बिशपांनी त्यांना अधिकारपत्र दिले, आर्चडीकननी (बिशपांच्या हाताखालच्या वरिष्ठ पाळकांनी) त्यांचा हात धरून चर्चच्या दाराच्या किल्लीवर ठेवला आणि त्यांनी रिवाजाप्रमाणे घंटा वाजवली. जितके टोल तितकी वर्षे व्हिकर राहतात असे गावकरी मानतात, म्हणून सगळे मोजत होते. आकड्यावर अजून एकमत नाही. आजूबाजूचे सगळे पाळक झगा घालून मिरवणुकीत होते. आपण साध्या कोटात, मागच्या बाकावर, त्या शेतकऱ्याच्या विधवेशेजारी बसला होतात. पुढचे सहा महिने आमच्या कोणत्याही चर्चमध्ये उपासना घेणार नाही आणि कोणी बाप्तिस्म्याला किंवा अंत्यविधीला बोलावले तर आधी व्हिकरांना विचारा असे सांगेन, असे आपण त्याच रात्री त्यांना कळवलेत. गावातल्या काही जणांना याचे वाईट वाटले आहे. व्हिकरांना मात्र त्याचे मोल नेमके कळले आहे आणि त्यांनी हे मला आपल्याला कळवायला सांगितले आहे.

आता एक कामाची गोष्ट. आपण आमच्याकडे आलात त्या साऱ्या काळातल्या प्रवासखर्चाचे फॉर्म आमच्या खजिनदारांना अद्याप मिळालेले नाहीत. नॉरिचपासून आमच्यापर्यंतचे अंतर थोडे नाही आणि हा खर्च देणे चर्च कौन्सिलचे कर्तव्य आहे. वार्षिक सभा मेअखेरीच्या आत घ्यावी लागते आणि त्याआधी हिशेब तपासणीसाठी जातात. म्हणून ते भरून लवकर पाठवावेत. न पाठवल्यास उपासनेच्या नोंदवहीतल्या आपल्या सह्या मोजून खजिनदार स्वतःच रक्कम ठरवणार आहेत आणि त्यांचे गणित नेहमी वरच्या बाजूला चुकते.

आपली नम्र,
चिटणीस, चर्च कौन्सिल