पोराबद्दल, आणि त्या जुन्या भांडणाबद्दल

प्रिय भावा,

सहा महिने तुझे फोन उचलले नाहीत, दिवाळीच्या मेसेजलाही उत्तर नाही. तू रागावला असशील तर बरोबर आहे. माझी शुगर ठीक, हिचे गुडघे तसेच. लिहितोय ते दुसऱ्याच गोष्टीसाठी.

पोरगा आईस ओढतो. मेथ, म्हणजे मेथअँफेटामाइन नावाची नशा. आपल्याकडं लोक सगळ्यालाच एमडी म्हणतात, पण एमडी म्हणजे मेफेड्रोन. चंदगडच्या ढोलगरवाडीत 2021 ला कारखाना सापडला तो एमडीचा, हे वेगळं. पोराला हे व्यसन बंगळुरूच्या नोकरीत लागलं.

श्रावणात एकदा पहाटे तीनला जाग आली तर गच्चीवर दिवा. हा मांडी घालून बसलेला, बापूंचा रेडिओ पूर्ण उघडलेला, आणि पेपरवर स्क्रू लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लावलेले. जबडा सारखा हलत होता. चार रात्री झोपला नव्हता. दंड नखांनी ओरबाडलेले. म्हणाला, "पप्पा, कातडीखाली मुंग्या फिरतात."

मग दोन दिवस मेल्यासारखा झोपला. मी कपाट उघडलं. पुस्तकांमागं बूड काळवंडलेली काचेची नळी, आणि पुडीत खडीसाखरेसारखे चार खडे. मुठीत धरून कितीतरी वेळ उभा राहिलो. द्यायची कुणाला? ठाण्यात नेली तर पोरावर गुन्हा, घरात ठेवली तर बाळगणारा मी. शेवटी संडासात टाकून पाणी सोडलं. ओळखीच्या हवालदाराला "मित्राच्या मुलाचं आहे" म्हणून विचारलं. तो म्हणाला, "काका, सापडला तर केस होणारच."

तू वकील, तुला पाठ असेल. मी मात्र 1985 चा तो अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा मोबाईलवर एकेक ओळ करून वाचला. मेथ 2 ग्रॅमच्या आत असलं तर अल्प प्रमाण, तरी वर्षापर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. 50 ग्रॅमच्या वर गेलं की किमान 10 वर्षं. आणि वजन धरायचं ते भेसळीसकट, 2020 ला सुप्रीम कोर्टानं तसं ठरवलंय. म्हणजे विकणाऱ्यानं भेसळ जास्त केली की शिक्षा वाढते घेणाऱ्याची!

मग कलम 64अ सापडलं. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला, तर अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यातून सूट. वाचून मला रडू आलं रे. पण पुढंच लिहिलंय, उपचार पूर्ण केले नाहीत तर ती सूट काढून घेता येते. हे व्यसन एका फेरीत सुटतं का? अफू-हेरॉईनवाल्यांना जिभेखाली ठेवायची गोळी तरी मिळते. मेथवर अजून मान्यता मिळालेलं औषधच नाही. समुपदेशन करायचं, घरच्यांनी धीर धरायचा, आणि पाय घसरला की परत पहिल्यापासून. घसरणं हा त्या आजाराचाच भाग आहे, आणि कायदा नेमकं तिथंच पोराचा हात सोडतो.

पहिल्या व्यसनमुक्ती केंद्रात पोरांना खाटेला बांधायचे. मान्यतेचा कागद मागितला, तर दाखवेनात. तिसऱ्या दिवशी घरी आणला. मार्गशीर्षात परत घसरला. आता दुसरीकडं अठरावा दिवस आहे. जेवतो, झोपतो.

आता खरं सांगायचं ते. दादाच्या व्यसनाच्या वेळी कोल्हापुरात मिरजकर तिकटीला चहाच्या गाडीवर मी तुला म्हणालो होतो, "असल्यांना आत टाकल्याशिवाय अक्कल येत नाही." तू कप तसाच ठेवून निघून गेलास आणि तीन वर्षं बोलला नाहीस. मला वाटायचं, एवढं काय लागलं याला. आता त्या हवालदारासमोर उभा असताना माझंच वाक्य मला ऐकू आलं. दादा राहिले नाहीत, म्हणून तुझ्याकडं माफी मागतो.

तुझं काय चाललंय? 2025 च्या ऑगस्टात कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, मग मुंबईचा गाशा कधी गुंडाळतोस? चिमीच्या निकालाचे पेढे राहिलेत. वहिनींना नमस्कार. तिकडच्या पातळ पाण्याला तू मिसळ म्हणतोस यावर नाना अजून हसतात.

येशील का रे? रविवारी चार ते पाच भेटता येतं. या ठिकाणाला मान्यता आहे म्हणतात, तो कागद तू एकदा डोळ्यांखालून घाल. पोरगा तुझं विचारत होता. आणि रेडिओचे स्क्रू टाकले नाहीत ना, हेही विचारत होता. नाही टाकले, लोणच्याच्या बरणीत जपून ठेवलेत.

तुझाच