पाटीच्या मागची बाजू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंधरवड्यापूर्वी आपल्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं होतं, की रोगांची आणि लोकांची रूढ नावं बदलत बसणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. नाव म्हणजे बरणीवरची चिठ्ठी. ती बदलून आतला माल थोडाच बदलतो? वाचून हसू आलं आणि जरा लागलंही. चिठ्ठ्या लिहिणं हाच माझा ३१ वर्षांचा धंदा.

वस्तुसंग्रहालयात काचेच्या कपाटात वस्तूशेजारी एक कार्ड असतं ना, ते लिहिणारा माणूस मी. कार्ड पोस्टकार्डाच्या निम्मं आणि मजकूर ४० शब्दांच्या आत, कारण उभ्याउभ्या वाचणारा त्यापुढे जात नाही. त्यावरून सहकाऱ्यांनी माझं नाव ‘चाळीसशब्दे’ पाडलं. माझं खरं आडनाव काहींना निरोपसमारंभातच कळलं.

कार्डाखेरीज प्रत्येक वस्तूला एक नोंद क्रमांकही असतो. वस्तूच्या तळाला किंवा पाठीला, चटकन दिसणार नाही अशा जागी, आधी पारदर्शक लाखेचा पातळ थर द्यायचा. तो वाळला की बारीक निबाने काळ्या शाईत आकडे घालायचे आणि वर पुन्हा एक थर. उद्या क्रमांक पुसायची वेळ आली तर मूळ वस्तूला ओरखडा पडू नये, म्हणून ही काळजी. गंमत अशी, की क्रमांक सहसा चुकत नाही, कारण तो वस्तूविषयी काही बोलतच नाही. चुकते ती कार्डावरची ओळ, आणि तिच्याखाली लाखेचा थर नसतो.

माझीच गोष्ट सांगतो. नोकरीच्या चौथ्या वर्षी माझ्या टेबलावर हाडाची एक काडी आली. करंगळीहून जरा लांब, एक टोक अणकुचीदार, दुसरं चपटं. सोबत माहितीचा कागद नाही. वरिष्ठांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, “बायकांचा केसांतला आकडा. टाक लिहून.” मी टाकलं लिहून. नऊ वर्षांनी एक वयस्कर संशोधक बाई आल्या. भिंग लावून दहा मिनिटं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “अहो, ही लेखणी आहे. टोकाने मेणाच्या पाटीवर लिहायचं, चपट्या बाजूने खोडायचं. टोक एकाच अंगाला कसं झिजलंय बघा.” जन्मभर लेखणी चालवणाऱ्याने लेखणीलाच आकडा म्हटलं होतं! त्याच दिवशी मी कार्ड बदललं. पण तोवर माहितीपुस्तिकेत आकडा छापून झाला होता आणि गाइड मंडळींनी त्याला बढती देऊन ‘राणीचा आकडा’ केलं होतं. महिनाभरात अभिप्रायवहीत तक्रार आली: राणीचा आकडा जागेवर नाही, चोरीला गेला काय?

तेव्हापासून मला चुकीच्या पाट्या जमवायचा नाद लागला. माझ्या वहीत पहिला मान एका डायनोसॉरला आहे. १९२३ साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्यूझियम ऑफ नॅचरल हिस्टरीच्या मोहिमेला मंगोलियात, गोबीच्या वाळवंटात, अंड्यांच्या घरट्यावर पडलेला एक सांगाडा सापडला. आसपास प्रोटोसेराटॉप्स नावाच्या दुसऱ्याच डायनोसॉरचे भरपूर सांगाडे होते, तेव्हा अंडी त्याचीच, असं सगळ्यांनी धरून चाललं. मग घरट्यावरचा हा कोण? अर्थात चोर. पुढच्या वर्षी जीवाश्मशास्त्रज्ञ हेन्री फेअरफिल्ड ऑस्बोर्न यांनी त्याचं बारसं केलं: ओव्हिरॅप्टर, म्हणजे अंडीचोर. ऑस्बोर्न यांनी त्याच लेखात सावधही केलं होतं, की या नावामुळे प्राण्याच्या आहाराविषयी आणि स्वभावाविषयी गैरसमज होऊ शकेल. ती ओळ कोण लक्षात ठेवतो? ७० वर्षं तो प्राणी चित्रांत अंडी पळवत राहिला. १९९३ साली त्याच संग्रहालयाच्या लोकांना मंगोलियातच तसल्या एका अंड्यात गर्भ सापडला. तो प्रोटोसेराटॉप्सचा नव्हता, ओव्हिरॅप्टरच्या कुळातला होता. पुढे त्याच कुळातले अंड्यांवर पाय दुमडून बसलेले सांगाडेही मिळाले. म्हणजे ज्याला चोर म्हटलं, तो बहुधा आपल्याच घरट्यावर बसलेला आई किंवा बाप होता. आता नाव बदलावं म्हटलं तर प्राण्यांच्या नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम आडवे येतात. नाव अर्थाने चुकीचं ठरलं, एवढ्या कारणाने ते रद्द करता येत नाही. नियम का आहे ते मला समजतं. रोज नावं बदलली तर नोंदवह्यांचा चिखल होईल. तरी त्या कार्डापुढे उभं राहायची वेळ आली, तर मला मान खाली घालावीशी वाटेल.

ज्याने नाव दिलं त्यालाही ते परत घेता येत नाही, याचा दाखला नकाशात आहे. मार्टिन वाल्डझेम्युलर या जर्मन नकाशाकाराने १५०७ साली नव्या खंडावर ‘अमेरिका’ असं लिहिलं, अमेरिगो वेस्पुची या दर्यावर्दीच्या नावावरून. १५१३ च्या नकाशात त्याने तेच नाव गाळलं, तिथे ‘अज्ञात भूमी’ असं घातलं आणि ती कोलंबसाला सापडली अशी नोंदही केली. पण पहिल्या छापाच्या प्रती हातोहात गेल्या होत्या. माझ्या आकड्याबद्दलची अभिप्रायवहीतली तक्रार आठवा.

काही नावं तर माणसं मेल्यावर त्यांना चिकटली. ज्यांना आपण बायझंटाइन म्हणतो ते लोक स्वतःला शेवटपर्यंत रोमनच म्हणवत होते. त्यांची राजधानी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, १४५३ साली पडली, आणि १५५७ मध्ये हिएरोनिमस वोल्फ नावाच्या विद्वानाने त्यांच्या इतिहासग्रंथांचा संग्रह काढताना त्या नगराच्या जुन्या, बायझँटियन या नावावरून ‘बायझंटाइन’ हा शब्द वापरला. नावाला हरकत घ्यायला त्या राज्यातलं कोणी उरलंच नव्हतं. आणि अश्मयुग, कांस्ययुग, लोहयुग? ही तर आमच्या धंद्यातली करामत. कोपनहेगनच्या संग्रहालयात क्रिस्टियन थॉमसेन यांच्यापुढे वस्तूंचा ढीग होता. तो कपाटांत लावायचा कसा, या अडचणीतून त्यांनी दगडाचं, काशाचं, लोखंडाचं अशी वाटणी केली आणि १८३६ च्या मार्गदर्शक पुस्तिकेत ती छापून आली. कपाटांची मांडणी पाहता पाहता मानवजातीची युगं झाली. थॉमसेन यांची वाटणी बरीचशी टिकली हे त्यांचं श्रेय. सगळ्याच कपाटवाल्यांचं नशीब तसं नसतं.

आता त्या पत्रलेखकांच्या मूळ मुद्द्याकडे येतो. मराठीत ‘नाव ठेवणं’ म्हणजे बारसं करणं, आणि ‘नावं ठेवणं’ म्हणजे दोष काढणं. मध्ये फक्त एक टिंब. मुद्रितं तपासताना हे टिंब मी शेकडो वेळा दुरुस्त केलं असेल, पण इतिहास बघितला तर लोकांनीच ते मुद्दाम घातलेलं दिसतं. ग्रीकांना परक्यांची भाषा ‘बर बर’ अशी ऐकू आली, म्हणून परके ते बार्बारोस. आपल्या संस्कृतातही ‘बर्बर’ आहेच. रशियन भाषेत जर्मन माणसाला जो शब्द आहे तो ‘मुका’ या अर्थाच्या शब्दावरून आला. म्हणजे आमची भाषा येत नाही तो मुकाच! ब्रिटनमधल्या वेल्श लोकांचं ‘वेल्श’ हे नाव जुन्या इंग्रजीतल्या ‘परका’ या शब्दातून आलं. स्वतःच्या भूमीत परके ठरलेले ते लोक स्वतःला ‘कम्री’ म्हणतात, आणि त्या शब्दाच्या मुळाशी ‘एकाच भूमीतले’ असा अर्थ आहे. कपाटाच्या आतून आणि बाहेरून पाटी अशी वेगवेगळी वाचली जाते.

रोगांच्या बाबतीत तर शेजाऱ्याच्या दारात कचरा टाकायची जुनी खोड दिसते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात उपदंशाची, म्हणजे सिफिलिसची, साथ पसरली. इटलीतले लोक तिला फ्रेंचांचा रोग म्हणत, फ्रेंच लोक नेपल्सचा, रशियन लोक पोलंडचा. आपले वैद्यही मागे नव्हते. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ ग्रंथात तो ‘फिरंगरोग’ आहे. १९१८ च्या फ्लूच्या साथीचं ‘स्पॅनिश’ हे बिरुद आणखी अन्यायाचं. महायुद्धात उतरलेल्या देशांत वर्तमानपत्रांवर बंधनं होती. स्पेन तटस्थ होता, तिथल्या पत्रांनी साथीच्या आणि आजारी राजाच्याही बातम्या छापल्या. जगाने पहिल्यांदा तिथलं वाचलं आणि साथ त्यांच्या नावावर मांडली. खरं छापण्याची ही शिक्षा, संपादक महाशय, आपल्याला तरी विसरता येणार नाही.

यावर कोणी म्हणेल, झालं गेलं, शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. मग २०२२ ची सांगतो. ‘मंकीपॉक्स’ हे नाव पडलं, कारण १९५८ साली कोपनहेगनच्या एका प्रयोगशाळेत ठेवलेल्या माकडांमध्ये तो विषाणू पहिल्यांदा दिसला. माकडं बिचारी त्याची शिकार झाली होती. निसर्गात तो बाळगणारे म्हणून संशय उंदीर-खारींसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांवर आहे. पण २०२२ मध्ये साथ देशोदेशी पसरली तेव्हा ब्राझीलमध्ये लोकांनी माकडांना दगड मारले, विष घातलं. त्या माकडांचा गुन्हा एवढाच, की पाटीवर त्यांचं नाव होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने ‘एमपॉक्स’ हे नाव सुचवलं. नव्या रोगांना गावांची, माणसांची, प्राण्यांची नावं देऊ नयेत, असं संघटनेने २०१५ मध्येच सांगून ठेवलं होतं. चिठ्ठीने माल बदलत नाही हे कबूल. पण बरणीला दगड मारणारा चिठ्ठी वाचूनच मारतो.

तरी सरसकट सगळी नावं खरवडून काढावीत, अशा मताचा मी नाही. काही नावांनी आपली घाण आपणच धुतली. १८७४ साली पॅरिसमध्ये एका टीकाकाराने चित्रकार क्लोद मोनेच्या चित्राच्या शीर्षकातला ‘इम्प्रेशन’ शब्द उचलून चित्रकारांची टर उडवली, आणि त्यांनी ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हणून तोच शब्द झेंड्यासारखा मिरवला. विश्वाच्या जन्माला ‘बिग बँग’ हे नाव १९४९ साली रेडिओवर बोलताना दिलं ते फ्रेड हॉइल यांनी, म्हणजे डॉ. जयंत नारळीकरांच्या गुरूंनी. त्यांना तो सिद्धान्तच मान्य नव्हता! आपण त्याचं ‘महास्फोट’ केलं.

माझ्या वहीत चांगल्या पाट्यांचंही एक पान आहे. ‘मलेरिया’ म्हणजे इटालियनमध्ये दूषित हवा. १८९७ साली रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात त्याचा परजीवी दिसला आणि हवा निर्दोष सुटली, नाव मात्र तसंच राहिलं. याउलट आपला ‘हिवताप’ बघा. हुडहुडी भरते, ताप येतो, एवढंच तो शब्द सांगतो. कारण काय, दोष कोणाचा, यावर तोंड उघडत नाही, म्हणून डास सापडल्यावरही त्याला खाली बघावं लागलं नाही. रोमन काळातल्या बारा पैलूंच्या पोकळ धातूच्या वस्तू शंभरावर सापडल्या आहेत. त्या कशासाठी होत्या याचा उलगडा झालेला नाही, आणि संग्रहालयं त्यांना नुसतं ‘द्वादशफलक’ म्हणतात. कोणाला मोह झाला नसेल का ‘जादूटोण्याचं साधन’ लिहायचा? आमच्यात तर विनोदच होता: वस्तू ओळखता आली नाही की ‘धार्मिक विधीसाठी’ लिहून मोकळं व्हायचं.

निवृत्तीआधी दोन वर्षं मी एक पद्धत पाडली होती. प्रत्येक कार्डाच्या पाठीवर पेन्सिलीने तीन गोष्टी लिहायच्या: हे नाव कोणी दिलं, केव्हा, कशावरून. ‘कशावरून’पुढे निम्म्याहून अधिक वेळा मला ‘अंदाज’ असं लिहावं लागलं. वर्तमानपत्राला मागची बाजू कोरी ठेवणं परवडत नाही हे मला कळतं. पण एखाद्या जमातीचं, साथीचं, काळाचं नाव मथळ्यात जाताना तेवढ्याच तीन गोष्टी एका ओळीत खाली देता आल्या, तर माझ्यासारखे वाचक आधी ती ओळ वाचतील. ते पत्रलेखकही वाचतील अशी आशा आहे. त्यांच्यावर माझा राग नाही.

मागे एकदा तिकीट काढून माझ्याच जुन्या दालनात गेलो होतो. कार्डं आता छापील, पारदर्शक पट्टीत घातलेली. पाठ बघायची सोय नाही. हाडाच्या काडीपुढे एक तरुण गाइड शाळेच्या मुलांना समजावत होता. कार्डावर स्वच्छ ‘लेखणी’ लिहिलेलं होतं, त्यामुळे त्यानेही दुरुस्ती करून घेतली होती. म्हणाला, “मुलांनो, ही बघा, राणीची लेखणी.”

आपला,
चाळीसशब्दे
(निवृत्त पाटीलेखक)