चेहऱ्यावरील कर्करोगाची नोंद नेमकी हवी

महोदय,

पुण्यात किंवा नवी मुंबईत बसून अमेरिकी रुग्णालयांच्या कागदपत्रांतील आजार-उपचारांना बिलासाठी ठरावीक कोड देणाऱ्या मराठी मंडळींपैकी मी एक आहे. ‘चेहऱ्यावरील गाठ काढली’ एवढाच शेरा समोर आला की काम अडते, कारण तिकडच्या आयसीडी-१०-सीएम या आजारांच्या वर्गीकरण पद्धतीत पेशींच्या प्रकारानुसार नाकाच्या त्वचेच्या बेसल सेल कर्करोगाला सी४४.३११, स्क्वेमस सेलला सी४४.३२१ असा कोड लागतो आणि मेलानोमाचा (रंगद्रव्य पेशींच्या कर्करोगाचा) तर गटच वेगळा, सी४३. ओठाबाबत विशेष जपावे लागते: लाल कडेवरचा कर्करोग सी०० मध्ये जातो, लगतच्या त्वचेवरचा मात्र सी४४ मध्ये, आणि अंतर असते जेमतेम काही मिलिमीटरचे.

गाठ कापून काढण्याचा कोड तिचा व्यास आणि दोन्ही बाजूंनी तिच्यासोबत काढलेला निरोगी काठ यांच्या बेरजेवर ठरतो. हे माप शल्यविशारदाने छेद घेण्यापूर्वीच लिहायला हवे, कारण काढलेला तुकडा फॉर्मलिन या जतनद्रवात आक्रसतो आणि पॅथॉलॉजी अहवालातील आकड्यावर विसंबल्यास कोड खालच्या गटात घसरू शकतो. (दोष मग कोडरच्याच माथी!)

मुंबईत कर्करोग नोंदणी १९६३ पासून चालू आहे. तिथे बिलाचा प्रश्न नसला तरी गाठीची जागा आणि पेशींचा प्रकार लागतोच. आपल्या रुग्णालयांनी केसपेपरवर चेहऱ्याचे छापील रेखाचित्र द्यावे, म्हणजे डॉक्टरांना तिथेच खूण करून माप लिहिता येईल.

— एक वैद्यकीय कोडर, पुणे